मेरी सीकोलचं हॉटेल



मेरी सीकोल म्हटलं की आपण 'काळी नाइटिंगेल' म्हणून मोकळ्या होतो. मला बोलायचंय ते हॉटेलवाल्या मेरीबद्दल.

जन्म १८०५चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. बाप स्कॉटिश सैनिक. आई लॉजिंग चालवायची, आजारी सैनिकांना झाडपाल्याची औषधंही द्यायची. स्वयंपाक, औषध आणि हिशेब मेरी एकाच घरात शिकली. १८४३च्या आगीत ते घर जळालं, पुढच्या वर्षी नवरा गेला, आईही गेली. तिनं घर पुन्हा उभं केलं. १८५१मध्ये ती पनामातल्या क्रुसेसला भावाकडे गेली. कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावणाऱ्यांची ती वाट. तिथं खाणावळ काढली, कॉलऱ्याचे रोगी सांभाळले. ऐपत असलेल्यांकडून पैसे घेतले, गरिबांना फुकट.

१८५४मध्ये क्रिमियाच्या युद्धावर परिचारिका म्हणून जायला ती लंडनला आली. युद्ध खात्यानं दारातूनच परत पाठवलं. कातडीचा रंग आड आला का, असं तिनं आपल्या पुस्तकात स्वतःच विचारलंय. मग ती स्वतःच्या पैशानं गेली! थॉमस डे या भागीदाराबरोबर बालाक्लाव्हाजवळ १८५५मध्ये 'ब्रिटिश हॉटेल' काढलं. वाहून आलेली लाकडं, पत्रे, खोकी जमवून. खर्च ८०० पौंड. अधिकाऱ्यांना जेवण, शिपायांना वेगळं कॅन्टीन, आजाऱ्यांना औषध. खेचरांवर सामान लादून ती रणभूमीवरही जायची.

१८५६मध्ये तह झाला. सैन्य निघालं, माल पडून राहिला, उधारी बुडाली. लंडनला परतल्यावर दिवाळं. खाणावळ चालवणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावायला नको. १८५७मध्ये तिच्या मदतीसाठी चार दिवसांचा जंगी कार्यक्रम झाला, पण जागेची मालक कंपनीच बुडाली.

आता अवघड भाग. ती दारू विकायची. नाइटिंगेलबाईंनी १८७०च्या खासगी पत्रात तिच्या मायाळूपणाबरोबर हेही लिहिलं की, तिनं पुष्कळांना दारुडं केलं. दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या आपण हे झटकून टाकू शकत नाही. शिवाय १८५७च्या उठावात तिला हिंदुस्थानात यायचं होतं, तेही ब्रिटिशांच्या जखमींसाठीच.

पण २०१६मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयासमोर तिचा पुतळा उभा राहताना विरोधकांचा एक मुद्दा होता: ही तर धंदेवाली बाई. हे मला पटत नाही. पुरुष डॉक्टरांनी फी घेतली तर त्यांची सेवा कुणी रद्द ठरवत नाही. पगार नसलेल्या बाईनं शुश्रूषेचा खर्च काढायचा कुठून? मेरीनं तो गल्ल्यातून काढला. १८८१मध्ये ती लंडनला वारली, तेव्हा तिच्या नावावर अडीच हजारांहून जास्त पौंड होते.