पटवर्धनांचें दप्तर



आपणांपैकीं कित्येकांच्या मूळ घरीं माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल. तींत मळकट रुमालांत बांधलेलीं कागदांचीं गाठोडीं असतील. कागद मोडींतले, घरांत मोडी वाचणारें कोणी उरलेलें नाहीं. अशा एका वाड्यांत मी एकदां गेलों असतां फडताळाच्या खणांत डब्यांखालीं अंथरलेले कागद पाहिले. ते जमाखर्चाचे बंद होते. घरच्या बाईंना मीं त्याविषयीं विचारलें, तेव्हां त्या सहज म्हणाल्या, "जुनीं बाडें आहेत, वाचतां कोणाला येतात? कागद मात्र चिवट हो!" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. कागद चिवट होता म्हणूनच दोनशें वर्षें टिकला होता. त्या प्रसंगाची आठवण मनांत ठेवून आज मी एका मोठ्या घराण्याच्या दप्तराची हकीगत आपणांस सांगणार आहें.

हें घराणें म्हणजे मिरज, सांगली, तासगांव, जमखिंडी, कुरुंदवाड या ठिकाणीं नांदलेले पटवर्धन. यांचा मूळ पुरुष हरभट. रत्नागिरीजवळच्या कोतवडें गांवचा हा भिक्षुक ब्राह्मण घाटावर आला आणि इचलकरंजीकर घोरपड्यांचा कुलोपाध्याय झाला. इचलकरंजीकरांच्या घरीं बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनुबाई दिलेली होती. त्या संबंधानें हरभटाच्या पुत्रांस पेशव्यांच्या दरबाराची वाट सांपडली. गोविंद हरि, रामचंद्र हरि व त्रिंबक हरि या तिघांनीं पळी-पंचपात्र ठेवून तलवार हातीं घेतली, आणि दोन पिढ्यांत हें कुल मराठी राज्याच्या दक्षिण सीमेचें राखणदार बनलें.

येथें सरंजाम म्हणजे काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. इनाम हें वंशपरंपरेचें. सरंजाम मात्र चाकरीसाठीं लावून दिलेला. अमुक परगण्यांचा वसूल घ्यावा आणि त्यांतून अमुक स्वार बाळगून हुकुमाबरोबर हजर व्हावें, असा तो करार असे. म्हणून सरंजामदाराच्या दप्तरांत दोन प्रकारचे कागद एकाच रुमालांत नांदतात. एक राजकारणाचे: छावणींतून घरीं आलेलीं पत्रें, पुण्याच्या वकिलाचीं बातमीपत्रें, तहांच्या यादी. दुसरे मिळकतीचे: गांवांचे ताळेबंद, वराता, सावकारांचीं खतें, स्वारांच्या हजेऱ्या. पाऊस चुकला कीं वसूल तुटे. वसूल तुटला कीं सावकाराचें दार गांठावें लागे. पैका न मिळाला तर शिपाई धरणें धरून बसत. रणांगणावरील यशापयशाचीं मुळें पुष्कळदां या दुसऱ्या प्रकारच्या कागदांतच सांपडतात.

राजकारण आणि मिळकत यांची गांठ किती घट्ट होती, हें या घराण्याला इ. स. १७६३ मध्यें पुरतें कळलें. आदल्या वर्षीं माधवराव व रघुनाथराव या चुलत्या-पुतण्यांत कलह पेटला होता. पटवर्धन तरुण माधवरावांच्या बाजूस होते. नोव्हेंबर १७६२ मध्यें आळेगांवीं माधवराव चुलत्यास स्वाधीन झाले, सत्ता रघुनाथरावांच्या हातीं गेली, आणि त्यांनीं मिरजेवर चालून जाऊन ती पटवर्धनांपासून हिसकावून घेतली. गोविंद हरीचा पराक्रमी पुत्र गोपाळराव निजामअल्लीस जाऊन मिळाला. त्याच निजामाच्या फौजेनें १७६३ मध्यें पुणें लुटलें व जाळलें. पुढें १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनास निजामाचा मोड झाला, पटवर्धन पुन्हा पेशव्यांच्या पदरीं आले, मिरज परत मिळाली आणि १७६४ च्या सुमारास त्यांच्या सरंजामाची मोठी बांधणी झाली. हैदराच्या तोंडावर ठेवण्यास याहून भरंवशाचें कुटुंब माधवरावांस दिसलें नाहीं. गोपाळराव १७७१ मध्यें वारला. त्याचा चुलतभाऊ परशुरामभाऊ याच्या हाताखालीं १७९५ मध्यें खर्ड्यास मराठी फौज लढली.

आतां विचार करा. शत्रूच्या गोटांत जाऊन राहिल्याचा पुरावा ज्या दप्तरांत आहे, तें दप्तर घराण्यानें उजेडांत येऊं द्यावें काय? कोणासहि वाटेल कीं तेवढे कागद अग्नीच्या स्वाधीन करावे. पण कागद जळले तरी निजामाशीं मिळाल्याची गोष्ट पुसली जात नाहीं, कारण ती इतरांच्या कागदांत राहतेच. जळतें तें कारण. मिरज कां गेली, बाप किल्ल्यांत व मुलगा बाहेर असतां काय बेत झाले, हें ज्याच्या त्याच्या घरच्या पत्रांवांचून कळत नाहीं. आपली लाज झांकूं पाहणारें घराणें आपली कैफियतहि झांकून टाकतें.

हें दप्तर उजेडांत आणणारा पुरुष म्हणजे वासुदेवशास्त्री खरे. मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणारा हा शिक्षक. काव्यें लिहिलीं, नाटकें लिहिलीं. पण त्यांचें खरें आयुष्य या रुमालांत गेलें. १८९७ सालीं त्यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'स आरंभ झाला आणि १९२४ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याचे बारा खंड निघाले. पुढचें काम त्यांच्या चिरंजीवांनीं चालविलें. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीं शास्त्रीबोवा प्रसंगाची हकीगत साध्या भाषेंत सांगतात आणि मग मूळ पत्रें पुढें ठेवतात. वाचकानें पत्रें पाहून आपल्याला ताडून घ्यावें, एवढा त्यांचा प्रांजळपणा.

हें काम किती जिकिरीचें, याचा एक नमुना सांगतों. सरकारी कागदांवर बहुधा अरबी शब्दांत साल असतें. 'सीत सितैन मया व अलफ' म्हणजे सहा, साठ, शंभर व हजार, अर्थात् ११६६. हें साल मृग नक्षत्रापासून सुरू होतें. त्यांत ५९९ मिळविले कीं १७६५ चा जून येतो. पण घरगुती पत्रांत सालच नसतें! मुलगा बापाला लिहितो. दोघांनाहि साल ठाऊक, मग लिहावें कशाला? तिथि असते, वार असतो, कधीं 'छ' या अक्षरापुढें मुसलमानी महिन्याची तारीख असते. आपल्या वर्षांत अधिक मास धरतात, मुसलमानी वर्षांत धरीत नाहींत. म्हणून श्रावणांत रमजान आला, तर ती जोडी दोन-तीन वर्षें टिकते आणि पुन्हा सुमारें बत्तीस-तेहतीस वर्षांनीं येते. एवढ्यावरून साल दोन-तीनांवर आलें. मग वार पडताळावा, कीं एकच साल उरतें. एका पत्रास एवढे सायास, तर हजारों पत्रांस किती, याचा हिशेब आपणच करावा.

कोणी म्हणेल, पुण्यास पेशवे दप्तर आहे, त्यांतून सरदेसायांनीं निवडलेले पंचेचाळीस भाग १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत छापलेले आहेत. मग घरोघरचीं दप्तरें कशाला? उत्तर सोपें आहे. राजाच्या दप्तरांत हुकूम सांपडतो. तो हुकूम ज्याच्या घरीं पोंचला त्याला काय वाटलें, त्यानें तो कसा पाळला वा कसा टाळला, हें त्याच्या घरींच सांपडतें. दोहोंची तोंडमिळवणी झाली म्हणजे इतिहास उभा राहतो.

सरंजामाचें पुढें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. १८१२ मध्यें पंढरपूरच्या ठरावानें दक्षिणच्या जहागिरदारांचा व दुसऱ्या बाजीरावाचा तंटा इंग्रजांच्या मध्यस्थीनें मिटला. १८१८ मध्यें पेशवाईच गेली. घराण्यांत वांटण्या होत गेल्या. तासगांव १८४८ मध्यें निपुत्रिक म्हणून खालसा झालें. राहिलेलीं संस्थानें १९४८ च्या मार्चांत मुंबई प्रांतांत विलीन झालीं. ज्या गांवांसाठीं एवढीं पत्रें लिहिलीं गेलीं, तीं गांवें हातचीं गेलीं. टिकलें तें दप्तर. आणि तें कोणा एका कुळाचें न राहतां सर्व महाराष्ट्राचें झालें.

कागद दाखविण्यास लोक भितात, याचीहि मला जाणीव आहे. एके काळीं इनाम कमिशनच्या चौकशींत कागदांवर इनामें राहिलीं व कागदांवांचून गेलीं. वांटणीचे तंटे, जुनें कर्ज, कोणाचें दत्तक विधान, हें परक्यास कां दाखवावें, असें वाटणें स्वाभाविक आहे. पण शंभर वर्षांपूर्वींच्या कर्जाचा तगादा लावण्यास आज कोणी येत नाहीं. येते ती वाळवी, ओल आणि रद्दीवाला.

म्हणून जातां जातां एक विनंति. पेटी उघडाल तेव्हां रुमाल ज्या क्रमानें बांधलेले असतील तो क्रम मोडूं नका; कोणता कागद कोणाशेजारीं होता, हीहि एक साक्ष असते. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावूं नका. ते कोरड्या जागीं ठेवा. वडील माणसांस विचारून पेटी कोणाची, कोठून आली, हें एका चिठ्ठीवर लिहून आंत घाला. आणि मोडी जाणणारा माणूस गांठा, किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस कळवा. देऊन टाकावयाचें नसेल, तर निदान छायाचित्रें घेऊं द्या.

फडताळांतले ते बंद मीं बाईंकडून मागून घेतले आणि त्यांच्या बदल्यांत नवा कागद आणून दिला. हिशेब एका लहान गांवचा होता. मोठें नांव त्यांत एकहि नव्हतें. पण दुष्काळाच्या सालीं कोणाला किती सूट मिळाली, तें त्यांत ओळीनें लिहिलेलें होतें. त्या कुळांचीं नांवें दुसरीकडे कोठेंहि लिहिलेलीं असतील, असें मला वाटत नाहीं.