फुकटचा वजीर

(भिलाईतल्या ठेवीदारांपुढे केलेलं भाषण)

काका-काकू, ताई-दादांनो, मी आज पैशांविषयी बोलायला आलो आहे आणि येताना नातवाचा बुद्धिबळाचा पट घेऊन आलो आहे. दोन्हींचा संबंध काय, ते पाच मिनिटांत कळेल.

आपल्याच मुंबई-हावडा लाइनवर नागपूर आहे. तिथली दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा ती 19 वर्षांची होती. आपल्या घरातलं पोर तिच्याएवढं खेळेल की नाही, कोण सांगणार? पण रोज अर्धा तास तुमच्यासमोर पट मांडून बसलं, तर त्याला एक सवय लागेल. ती सवय पुढे त्याचे पैसे वाचवील, आणि तुमचेही.

मुलांना एक जुना सापळा जरूर दाखवा. फ्रान्समध्ये 18व्या शतकात लेगाल नावाचा खेळाडू होता, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. पांढऱ्याच्या घोड्यामागे त्याचा वजीर आहे. काळ्याच्या उंटाने त्या घोड्यावर नेम धरला आहे. पांढरा तो घोडा उचलतो आणि मधलं प्यादं मारतो. वजीर उघडा पडतो! काळ्याला वाटतं, समोरचा चुकला. तो खुशीत उंटाने वजीर मारतो. मग पांढऱ्याचा उंट राजाशेजारचं प्यादं मारून शह देतो. राजा एक घर पुढे सरकतो. दुसरा घोडा येतो आणि मात. वजीर हातात आहे आणि डाव संपलेला आहे.

पहिल्यांदा प्रत्येक मूल तो वजीर मारतंच. मारू द्या. हरल्यावर एवढंच विचारा, “त्याने वजीर फुकट का दिला असेल?”

हा प्रश्न मला वेळेवर सुचला नाही. रिटायर होण्याआधी ओळखीतला एक एजंट घरी आला. क्वार्टरमध्ये बसून चहा प्यायला, मुलांची चौकशी केली. एका कंपनीत पैसे दोन वर्षांत दुप्पट होतील म्हणाला. मी 40 हजार दिले. पहिले सहा महिने व्याज घरपोच आलं, म्हणून आणखी 60 हजार दिले. त्यानंतर ऑफिसला कुलूप. ते सहा महिन्यांचं व्याज म्हणजेच माझा फुकटचा वजीर होता. आपल्या छत्तीसगडमध्ये चिटफंडाच्या नावाखाली असे पैसे बुडालेली घरं कमी नाहीत. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात येते, तेव्हा असा माणूस हमखास दारात येतो.

मला साधा हिशोबही करता आला असता. 72 ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. 7 टक्क्यांना दहा वर्षांच्या वर लागतात. दोन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 41 टक्क्यांहून जास्त. एवढं व्याज तो कुठून आणणार? बहुतेक वेळा मागून येणाऱ्या ठेवीदारांच्याच पैशांतून.

बुद्धिबळात दुसरा नियम आहे: मोहऱ्याला हात लावला की तोच चालवायचा. मुलांशी खेळताना हा नियम पाळा. “आजोबा, चाल परत घेऊ?” म्हटलं, तर प्रेमाने नाही म्हणा. आपली सहीसुद्धा तशीच असते. ओटीपी आणि यूपीआय पिनही तसेच. एकदा दिलं की परत घेणं कठीण. पैसे मिळवायला पिन लागत नाही, पिन पैसे देताना लागतो. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा.

तेव्हा पैसे देण्याआधी हात मागे घेऊन तीन गोष्टी बघा.

पहिली: या संस्थेला लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी आहे का? कंपनीचं नोंदणीपत्र म्हणजे ती परवानगी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर माहिती मिळते, तक्रारही करता येते.

दुसरी: बुडालं तर कोण देणार? विमा असलेल्या बँकेत एका ठेवीदाराच्या सगळ्या ठेवींना मिळून, व्याज धरून, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. एजंटाच्या हातात दिलेल्या पैशाला ते नाही.

तिसरी: आजच का? “आज शेवटचा दिवस” म्हणणाऱ्याला “उद्या या” सांगा. खरी योजना उद्याही असते.

आता प्याद्याकडे बघा. सगळ्यांत छोटं, एकेक घर जाणारं. पण सहा घरं ओलांडून पलीकडच्या टोकाला पोचलं की त्याचा वजीर होतो. हा वजीर कुणी फुकट दिलेला नसतो. पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, अशीच आहे. महिना 100 रुपयांपासून सुरू होते. महिना 500 भरले आणि 6.7 टक्के दर धरला, तर पाच वर्षांत भरलेल्या 30 हजारांचे सुमारे 35,680 होतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, म्हणून खातं उघडायच्या दिवशी विचारून घ्या. आणि प्यादं मागे फिरत नाही, हे लक्षात ठेवा. आरडी मध्येच मोडू नका.

मूल 10 वर्षांचं झालं असेल, तर त्याच्या नावाने बचत खातं उघडा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या सूचनेनुसार या वयापासून, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, ते स्वतः खातं चालवू शकतं. वाढदिवसाचे पैसे त्याला स्वतः भरू द्या.

येत्या रविवारी पट मांडा. पोराला लेगालचा सापळा दाखवा. आणि पुढच्या वेळी कुणी फाइल घेऊन घरी आलं, तर पोराला शेजारी बसवा. कदाचित तेच विचारेल, “काका, तुम्ही वजीर फुकट का देताय?”