चित्रकथा आणि तिचा रसिक

‘सध्या काय वाचीत आहात?’ ह्या प्रश्नास कोणी एखाद्या कादंबरीचे नाव सांगितले म्हणजे संभाषण पुढे चालते. परंतु त्याने ‘कॉमिक्स’ असे उत्तर दिले, तर विचारणाराच्या मुखावर एक प्रकारचे क्षमाशील स्मित उमटते आणि विषय बदलतो. चित्रकथा ही मुलांची वस्तू, तापात अंथरुणावर किंवा आगगाडीच्या प्रवासात वेळ घालविण्यापुरती तिची योग्यता, असा समज सुशिक्षित घरांतून फार दृढ आहे. ह्या समजाची किंमत काय पडली, हे पाहावयाचे असल्यास मराठवाड्याकडे, विशेषतः नांदेड आणि लातूर ह्या दोन शहरांकडे दृष्टी टाकावी.

लातूरचे नाव आज महाराष्ट्रात गाजते ते ‘लातूर पॅटर्न’ ह्या अध्ययनपद्धतीमुळे, आणि नांदेडनेही तीच वाट धरली आहे. परगावाहून आलेली हजारो मुले ह्या दोन्ही ठिकाणी खोल्या घेऊन राहतात आणि परीक्षेस लागेल तेवढेच वाचतात. अशा वातावरणात चित्रांचे पुस्तक हाती धरणे हा अपव्ययच ठरावयाचा. तथापि ह्याच गावांतील जे गृहस्थ आज पन्नाशीच्या आगेमागे आहेत, त्यांच्या बालपणी बसस्थानकावरील आणि रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानांनी त्यांना दुसरे एक शिक्षण दिले. असे दोघे-चौघे एकत्र जमले म्हणजे त्यांचा वाद नायकाच्या पराक्रमावरून होत नाही. तो होतो कोणाच्या हातची रेघ अधिक चांगली ह्यावरून. हा वाद कान देऊन ऐकण्यासारखा असतो.

उदाहरणार्थ, वेताळ घ्यावा. ली फाल्क ह्या अमेरिकन लेखकाने 1936 साली निर्मिलेला ‘फँटम’ हा नायक, टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मार्च 1964 मध्ये सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठीत आला तो ‘वेताळ’ हे नाव घेऊन. नामकरण करणाराची येथे वाखाणणी केल्यावाचून राहवत नाही. ज्या प्रांतात भुतांचा राजा म्हणून वेताळाची शिळा गावाबाहेर शेंदूर लावून पूजिली जाते, त्या प्रांतात ‘चालते भूत’ म्हणून जंगलात ख्याती पावलेल्या पुरुषास ह्याहून समर्पक नाव मिळते ना. त्याच्या जंगलाचे नावही हिंदुस्थानी आवृत्तीत बदलून ‘डेंकाली’ असे झाले, कारण मूळ नाव बंगालशी फार जवळचे होते.

आता हा वेताळ एकाच हाताने रेखाटलेला नाही. प्रथम रे मूर ह्यांनी त्यास दाट काळ्या सावल्यांत उभे केले. त्यांच्यामागून विल्सन मॅकॉय आले, त्यांची रेघ साधी, जवळजवळ बालबोध वळणाची. आणि 1961 पासून साय बॅरी ह्यांनी तो हाती घेतला, तेव्हा त्याचे स्नायू, वस्त्रांच्या चुण्या आणि अरण्यातील पानन् पान रेखीव झाले. बहुसंख्य वाचक बॅरींच्या पक्षाचे असतात. परंतु मॅकॉयचा कैवार घेणारेही निघतात, आणि त्यांचा मुद्दा सहज उडवून देण्याजोगा नाही. ते म्हणतात की मॅकॉयच्या चौकटीत घोडा कोठून आला व कोठे गेला हे एका दृष्टिक्षेपात कळते. बॅरींच्या चौकटीवर मात्र डोळा थबकतो, आणि थबकलेला डोळा कथा विसरतो. चित्राचे सौंदर्य आणि चित्राची कथनशक्ती ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे तत्त्व ह्या वाचकांनी कोणत्याही ग्रंथावाचून हस्तगत केले, ही साधी गोष्ट नव्हे. मुखपृष्ठांचा विषय निघाला म्हणजे बी. गोविंद ह्यांचे नाव आदराने घेतले जाते. पुष्कळ जण असे सांगतात की आतील पाने एकवेळ फाटली तरी चालत, मुखपृष्ठास मात्र धक्का लागू देत नसत.

मराठी आवृत्तीत एक उणीव होती, तीही येथे सांगावयास हवी. संवादांचे फुगे इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेले असत. देवनागरीस वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार लागतो. तेव्हा ते वाक्य फुग्यात कोंबले जाई, आणि वाचकास अक्षरे उकलीत बसावे लागे. जी कला डोळ्याच्या वेगावर चालते तिच्यात ही अडचण क्षुल्लक नव्हे.

नांदेड आणि लातूर हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, आणि उर्दू-हिंदुस्थानी येथील कानांना कधीच परकी नव्हती. त्यामुळे पुढे हिंदी चित्रकथांचा पूर आला तेव्हा येथील मुलांस तो आडवा आला नाही. प्राण ह्यांचे चाचा चौधरी आणि साबू, नंतर राज कॉमिक्सचा नागराज, ही मंडळी येथे घरचीच झाली. ह्या ठिकाणी एक चमत्कारिक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. 1986 साली नागराज प्रथम अवतरला तेव्हा त्याची चित्रे काढणारे कलावंत होते प्रताप मुळीक. तत्पूर्वी ‘अमर चित्र कथा’च्या अनेक पुस्तकांतून त्यांचा हात दिसला होता. ‘अमर चित्र कथा’ ही मालिका अनंत पै ह्यांनी 1967 मध्ये मुंबईत सुरू केली. तिच्या ‘कृष्ण’ ह्या पुस्तकाचे चित्रकार राम वाईरकर. 1980 साली निघालेल्या ‘टिंकल’ मासिकातील भोळा नोकर सुपंदी ह्यास लाभलेले ते निमुळते डोकेही वाईरकरांच्याच कुंचल्याचे. दिलीप कदम हे त्याच परंपरेतील. म्हणजे नांदेडचा मुलगा हिंदी किंवा इंग्रजी चित्रकथा वाचीत होता, त्याही वेळी तो पुष्कळदा मराठी माणसाच्या हातचेच चित्र पाहत होता, आणि त्यास ते ठाऊक नव्हते. एखादा साधारण वकुबाचा कादंबरीकार तालुक्याच्या वाचनालयातदेखील नावाने ओळखला जातो. वाईरकर आणि मुळीक ह्यांची नावे मात्र ज्यांनी त्यांची शेकडो पाने पाहिली त्यांच्याही ओठांवर क्वचितच येतात. मराठीत कलावंत होते, वाचकही होते. नव्हती ती मराठीची स्वतःची, मराठीतच विचार करून रचलेली चित्रकथांची अखंड माला. वस्तू पोरकट मानली की तिच्या कर्त्याचे नाव विचारण्याचे कोणास कारण उरत नाही, आणि तिच्यात भांडवल घालण्यासही कोणी पुढे येत नाही.

वास्तविक हा प्रकार ह्या भूमीस नवा नव्हे. लातूरच्या सीमेस लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. पैठणास जुन्या चित्रकथी परंपरेची चित्रे सापडली. ती पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि त्यांतील टपोरे डोळे व ठसठशीत आकृती आंध्र-कर्नाटकातील चामड्याच्या बाहुल्यांशी नाते सांगतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही कला अद्याप जिवंत ठेवली आहे. तेथील परशुराम गंगावणे ह्यांस 2021 साली पद्मश्री देण्यात आली. चित्रकथी एकेक सुटे चित्र पुढे धरतो, वाद्याच्या साथीवर आख्यान गातो, आणि ते पान बाजूस सारून दुसरे धरतो. दोन पानांच्या मधला जो क्षण, तो श्रोत्याने मनात भरावयाचा. आजच्या चित्रकथेतील दोन चौकटींमधली कोरी पट्टी हेच काम करते.

ह्या कोऱ्या पट्टीचे मर्म ध्यानी आले म्हणजे चित्रकथेची परीक्षा कशी करावी हेही कळते. त्याचा एक उत्कृष्ट मासला मराठी वाचकासमोर आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एकच चरित्र, दोन निराळ्या हातांनी चितारलेले. पहिले ‘अमर चित्र कथा’ने 1979 साली काढलेले, दिलीप कदम ह्यांच्या चित्रांचे. दुसरे ‘भीमायन’, दिल्लीच्या ‘नवयान’ने 2011 साली प्रसिद्ध केलेले, त्याची चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्यांची, आणि त्याचा आधार बाबासाहेबांच्याच आठवणी.

कदमांची रेखा निर्दोष आहे. मनुष्याकृतीची त्यांची जाण पक्की, वेश व स्थळ ह्यांविषयीची दक्षता वाखाणण्याजोगी. तथापि त्या मालिकेची एक रीत होती: चौकटीच्या माथ्यावर निवेदनाची पट्टी असावयाची, आणि चित्रात जे दिसते ते पुष्कळदा त्या पट्टीत शब्दांनीही सांगावयाचे. शिक्षण हा मालिकेचा हेतू असल्यामुळे चित्रावर पूर्ण विश्वास टाकण्यास संपादक धजत नसावेत. परिणाम असा की वाचक पट्टी वाचून पुढे सरकतो, आणि चित्र मागे राहते.

‘भीमायन’मध्ये चौकोनच नाहीत. भिंतीवर व अंगणात काढावयाची ‘दिगना’ नावाची जी नक्षी गोंड घरांत असते, तिच्याच वळणांनी पान विभागलेले आहे. आगगाडी धावते ती सापासारखी. संवादाचे फुगेसुद्धा एका जातीचे नाहीत: सौम्य, प्रेमळ बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, ज्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्यास विंचवाची नांगी असते, आणि मनातल्या विचारास डोळ्याचे चिन्ह. तहानलेल्या मुलास पाणी नाकारणाऱ्याचे वाक्य वाचण्यापूर्वीच ते डसणार हे डोळ्यास कळलेले असते. येथे चित्र शब्दाची चाकरी करीत नाही. शब्दाच्या आधी येऊन उभे राहते.

हे पुस्तक नांदेड-लातूरकडील वाचकास निराळ्या रीतीने लागते. बाबासाहेबांच्या ज्या आठवणींवर ते आधारलेले आहे, त्यांत 1934 सालचा दौलताबादच्या किल्ल्यावरील तळ्याचा प्रसंग आहे, आणि तो किल्ला मराठवाड्यातला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा 1978 पासून 1994 पर्यंत ह्याच जिल्ह्यांतून पेटला होता, आणि नांदेड जिल्ह्यातील दलित वस्त्यांनी त्याची झळ सोसली होती. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांच्या हाती विंचवाचा फुगा असलेले पान दिले म्हणजे चित्रकथेस पोरखेळ म्हणण्याचे धैर्य कोणास व्हावयाचे नाही. कोणी असा आक्षेप घेतात की ‘भीमायन’मधील आकृती ओळखू येत नाहीत, बाबासाहेब बाबासाहेबांसारखे दिसत नाहीत. आक्षेप खोटा नाही. परंतु मुखसादृश्य हे छायाचित्राचे काम. तहान दिसावी कशी, हा प्रश्न चित्रकाराचा आहे, आणि व्याम दांपत्याने तो सोडविला आहे.

मराठी चित्रकारांस हे साधले नव्हते असे नाही. साधले ते व्यंगचित्रात. 1925 साली जन्मलेले शि. द. फडणीस ह्यांनी शब्दावाचून हसविण्याची जी हातोटी कमावली तिला तोड नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांनी तिचा उपयोग करून दाखविला. नोव्हेंबर 1991 मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ह्यांनी ‘सकाळ’मध्ये सुरू केलेल्या ‘चिंटू’ने तीन-चार चौकटींत मराठी मध्यमवर्गीय घर नेमके पकडले. परंतु तीन चौकटींतून तीनशे पानांपर्यंत जाण्याची हिंमत ना प्रकाशकांनी केली, ना वाचकांनी मागितली.

आज ह्या गावांतील तरुण वाचतात ते बहुधा जपानी ‘मांगा’. ते पुस्तक हाती नसून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असते, आणि भाषा इंग्रजी किंवा हिंदी. त्यांची मतेही तितकीच आग्रही आहेत: अमुक चित्रकार वेग दाखविण्यास रेघा फार ओढतो, तमुक चित्रकार दोन-दोन पाने एक शब्द न घालता नुसता पाऊस दाखवितो, ते कंटाळवाणे की अपूर्व. जुन्या वेताळभक्तांस ह्या चर्चेत शिरता येत नाही, अशी त्यांची तक्रार असते; कारण पुस्तक उलट्या बाजूने उघडते आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचाव्या लागतात. ही अडचण निदान नांदेडास तरी अडचण वाटावयास नको होती. निजामी अमलात ह्या मुलांच्या पणजोबांचे शिक्षण उर्दूतून झाले, आणि त्यांची क्रमिक पुस्तके त्याच बाजूने उघडत असत. एखाद्या घरी माळ्यावर त्यांतले एखादे अद्याप निघेलही. मांगाच्या पानावरील पहिली चौकट उजवीकडे वर असते, शेवटची डावीकडे खाली.