डंप हिरवा झाला, पण माती झाली का?

(गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चवथीच्या आदल्या दिवशी आपण बहुतेक जण माटोळीचे सामान घ्यायला बाजारात गेलो असू. आपल्या वडीलधाऱ्यांना ते विकत घ्यावे लागत नव्हते. कांगलां, घागऱ्यो डोंगरावर मिळत, आंबाडे आणि सुपारीचा घोस कुळागरात. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागांतल्या काही घरांमागचा तो डोंगर आज जागेवर नाही. तिथे खाणीचा खड्डा आहे आणि शेजारी टाकाऊ मालाचा डंप. या डंपावर पुन्हा काय लागेल, असे लोक आम्हा माती तपासणाऱ्यांना विचारतात. आज त्याचेच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

गोव्यात एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माल उपसावा लागतो. त्यात जांभा दगड असतो, चिकण गाळ असतो, खडी असते. रंग लाल म्हणून आपण त्याला माती म्हणतो. पण माती म्हणजे कुजलेला पाला, मुळे, गांडुळे, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू. हे सारे वरच्या वीतभर थरात असते. खोलवरून काढलेल्या मालात त्यातले जवळजवळ काहीच नसते.

आमची एक चूक सांगतो. एक शेतकरी कुटुंब डंपाच्या पायथ्याची माती घेऊन आले. त्यांना काजू लावायचे होते. आम्ही नमुना तपासला. सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के, म्हणजे मध्यम. आम्लता काजूला चालण्यासारखी. आम्ही हरकत नाही म्हटले. पावसाळ्यात रोपे छान होती, एप्रिलपर्यंत बहुतेक सुकली. मग आम्ही जागेवर गेलो. पहार मारली तर खण्णकन आवाज! घमेलेभर माल चाळला, तर दोन भाग खडी आणि एक भाग माती.

अहवाल खोटा नव्हता, अपुरा होता. प्रयोगशाळेत दोन मिलिमीटरच्या चाळणीखाली उतरते तेवढीच माती तपासली जाते. वरचे खडे फेकून दिले जातात. शेतात ते चालते, डंपावर नाही. तिथे एकतृतीयांशच माती असेल, तर ०.६ चा कर्ब रोपाच्या वाट्याला ०.२ एवढाच येतो. पाणी धरून ठेवण्याची ताकदही तशीच घटते.

तेव्हापासून आम्ही कागदाआधी जागा पाहतो. पहिले, खडे किती आणि माती किती, ते वजन करून बघायचे. दुसरे, पहार किती खोल जाते. टिप्परच्या चाकांनी दाबलेल्या थरात मुळे शिरत नाहीत. तिसरे, फूटभर खड्डा खणून पाणी भरायचे. क्षणात मुरले तरी अडचण आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तरी अडचण. चौथे, उतार. आपल्याकडे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर तीन कोटी लिटर पाणी. पायऱ्या आणि चर नसतील, तर माल थेट खालच्या शेतात उतरतो. यानंतर प्रयोगशाळेची पाळी. तिथे स्फुरद जरूर बघावा. आम्ल आणि लोहयुक्त मातीत तो बांधला जातो, खत घालूनही पिकाला मिळत नाही.

ज्यांच्या भातशेतात गाळ आला आहे, त्यांनी वरच्या गाळाचा आणि खालच्या मूळ मातीचा नमुना वेगळा द्यावा. दोन्ही एकत्र केले, तर काय काढायचे आणि काय राखायचे ते कळत नाही.

जुन्या डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तिने उतार धरला, हे मान्य करायला हवे. पण रस्त्यावरून दिसणारा हिरवा रंग म्हणजे जमीन सुधारली असे नव्हे. आधी गवत, ताग, धैंचा, मग करंज, आवळा, बांबू आणि माती तयार झाल्यावर काजू, अशी पायरीपायरीने वाट धरावी लागते. आपल्या माटोळीतली घागरी ही तागाचीच बहीण. तीही हवेतले नत्र जमिनीत आणते.

एक गोष्ट मात्र आत्ताच करायची आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. २०२२ च्या डिसेंबरपासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. वरची माती वेगळी काढून पुनर्वसनासाठी वापरावी, असे खनिज संवर्धन व विकास नियमांत आहे. एका हेक्टरवर फूटभर थर द्यायचा, तर सुमारे तीन हजार घनमीटर माती लागते, म्हणजे दहा घनमीटरचे तीनशे टिप्पर. ती आज राखली नाही, तर उद्या दुसऱ्या कुणाचा तरी डोंगर खरवडून आणावी लागेल. म्हणून जनसुनावणीला जाल तेव्हा नोकऱ्या, ट्रक, धूळ यांबरोबर एवढेही विचारा: वरची माती कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार आणि परत कुठे घालणार?

अकराव्या दिवशी असो वा दीड दिवसाने, आपण मातीचा देव मातीला परत देतो. डोंगराची मातीही डोंगराला परत मिळावी, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!