मुलांची विनामूल्य क्रीडास्पर्धा : एक अनुकरणीय उपक्रम



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी, पन्नाशी ओलांडूनही चालू असलेल्या एका बालस्पर्धेचा परिचय करून देणे उचित ठरेल. ही स्पर्धा अमेरिकेतील आहे. 'एल्क्स' ही न्यूयॉर्क येथे १८६८ मध्ये स्थापन झालेली परोपकारी संस्था असून गावोगावी तिच्या शाखा आहेत. बास्केटबॉलमधील 'फ्री थ्रो' या एकाच कौशल्याची 'हूप शूट' नावाची स्पर्धा ती १९७२ पासून राष्ट्रीय पातळीवर भरवीत आली आहे. वय ८ ते १३ असावे, एवढीच मुख्य अट. प्रवेशशुल्क काहीही नाही.

१० फूट उंचीवर लोखंडी कडी, १५ फुटांवर जमिनीवर आखलेली रेषा आणि हाती चेंडू, एवढाच सारा सरंजाम. कापडबाजाराच्या हिशेबाने हे अंतर नेमके पाच वार. नऊवारी लुगडे उलगडून पसरले तर त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक! प्रथम १० आणि नंतर १५ अशा २५ फेकी प्रत्येकास मिळतात. वयाचे तीन गट असून मुले व मुली यांचे निकाल वेगवेगळे लागतात. ८-९ वर्षांच्या बालकांसाठी रेषा चार फूट पुढे घेतली जाते. बरोबरी झाल्यास पुन्हा पाच-पाच फेकी. चेंडू अडविणारा कोणी नाही, धक्काबुक्की नाही. संघनिवडीत जे मूल नेहमी शेवटी उरते, त्यालाही येथे पूर्ण २५ वेळा संधी मिळते. त्यातील एकही चेंडू कडीतून गेला नाही, तरी एक संधीही कमी होत नाही.

आता जमाखर्चाकडे वळू. नाममात्र शुल्क ठेवावे, त्यामुळे मुलांना किंमत कळते, असे अनेक कार्यकर्ते म्हणतात. हा युक्तिवाद दुकानात शोभतो. शुल्काने जमेच्या बाजूस पडणारी रक्कम मंडपाच्या भाड्यालाही पुरत नाही. आणि ज्या मुलाने घरी पैसे मागण्याचे टाळले, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. हूप शूट स्थानिक, जिल्हा, राज्य आणि विभाग अशा पायऱ्या चढत राष्ट्रीय अंतिम फेरीस पोहोचते. तेथवर गेलेल्या मुलांच्या प्रवासाचा भारही संस्थेचे प्रतिष्ठान उचलते. विजेत्यांची नावे मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉल संग्रहालयात नोंदली जातात. याच गावी १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी पीचच्या फळांच्या दोन टोपल्या टांगून या खेळाचा आरंभ केला होता.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली त्या वर्षी एल्क्सचे सभासदत्व केवळ गौरवर्णीयांनाच मिळत असे. तो नियम १९७३ मध्ये रद्द झाला. स्त्रियांना सभासद होण्यासाठी तर १९९५ पर्यंत वाट पाहावी लागली. एवढी दानशूर संस्था, पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्यास तिला शतकाहून अधिक काळ लागला. आज मात्र हूप शूटमध्ये मुलाचे आईवडील सभासद आहेत की नाहीत, हे पाहिले जात नाही.

आपल्याकडील पत्रकांवर 'समाजातील मुलांसाठी' असे शब्द सहजपणे छापले जातात. त्यातील 'समाज' किती रुंद समजावयाचा? पेढीवरील नोकराचा मुलगा, भोजनशाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंची मुलगी, मागच्या गल्लीतील मुले यांनी स्पर्धेच्या दिवशी कठड्याबाहेर उभे राहून टाळ्या वाजवावयाच्या, की त्यांनीही रेषेवर उभे राहावयाचे? पत्रक छापखान्यात जाण्यापूर्वी विश्वस्तांनी याचा निर्णय करणे बरे. एकदा वाटले गेलेले पत्रक परत घेता येत नाही.

खर्चाची अडचण फारशी नाही. एका मुलास पाच मिनिटे धरली, तरी एका कडीखाली अडीच तासांत तीस मुले खेळून होतात. शाळेचे पटांगण रविवारी सकाळी रिकामेच असते. गुण मोजण्यास दोन माणसे, चेंडू आणून देण्यास दोन मोठी मुले आणि पिण्याचे पाणी, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. नोंदणीच्या वहीत मुलाचे नाव, जन्मतारीख आणि पालकांची सही असे तीन रकाने आखावेत. चौथ्याची गरज पडत नाही.