अंगणातली करवत आणि आपला हात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे या मंडपात पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत आवारातल्या एका यंत्राबद्दल. विजेवर चालणारी हलकी साखळीची करवत. दुकानदार तिला चेनसॉ म्हणतो, गावात तिला कटर म्हणतात. गेल्या काही वर्षांत ती तालुक्याच्या दुकानात आली, मोबाईलवर बोट दाबले की घरपोच येऊ लागली. तिच्यामागोमाग जखमाही आल्या.

पहिली जखम आमचीच सांगतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोहिणी नक्षत्र लागले होते. गोठ्यावर लिंबाची फांदी झुकली होती, वादळात टिनांवर पडेल म्हणून ती काढायची होती. शिडीवर चढलो. एका हाताने फांदी धरली, दुसऱ्या हाताने करवत चालवली. पट्टीचे टोक मागच्या फांदीला लागले आणि करवत उसळून डाव्या हातावर आली. अकरा टाके पडले. मृगाचा पाऊस वेळेवर आला, पण आमची तिफण शेजाऱ्याने चालवली. कापूस दहा दिवस उशिरा लागला. कोरडवाहू शेतीत दहा दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

यंत्र वाईट होते का? नाही. आम्ही ते नीट निवडले नव्हते आणि चालवायला शिकलो नव्हतो. कुऱ्हाड बापाने शिकवली, ही करवत कोणी शिकवली?

आधी निवडीचे पाहू. मनगटाएवढ्या फांद्या, कुंपणाची बोरी-बाभूळ, चुलीचे सरपण, एवढेच काम असेल तर 6 ते 8 इंची पट्टीची बॅटरीची करवत पुरे. वजन दोन किलोच्या आसपास. मायबहिणींनाही ती झेपते. सरपणासाठी कुऱ्हाड मारून खांदे त्यांचेच दुखतात, तेव्हा घेताना त्यांच्या हातात देऊन पाहा. वादळात पडलेले मांडीएवढे खोड तोडायचे असेल तर 14 ते 16 इंची, तारेवर चालणारी करवत लागते. तिचे वजन चार-पाच किलो. नियम सोपा आहे : खोडाच्या जाडीपेक्षा पट्टी दोन इंच जास्त.

आता बॅटरीचा हिशेब. खोक्यावर 48 व्होल्ट, 88 व्होल्ट असे आकडे छापलेले असतात. लिथियमचा एक सेल 3.6 व्होल्टचा. पाच सेल जोडले की 18 व्होल्ट होतात, पूर्ण चार्ज झाल्यावर 21. 48 व्होल्टला तेरा सेल लागतात. मुठीएवढ्या बॅटरीत ते बसतील का? खरा आकडा काढा : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 18 गुणिले 2 म्हणजे 36 वॅट-तास. 2000 वॅटची तारेची करवत जोर लावून चालली तर साधारण एका मिनिटात एवढी वीज खाते. मग त्या बॅटरीवर बाभळीचे खोड किती कापले जाईल, हे तुम्हीच ठरवा. कापसाचे माप मारले तर आपण काट्यावर भांडतो, इथेही भांडायला शिका.

तारेची करवत घ्याल तर विजेचा हिशेब करा. 2000 वॅट म्हणजे जवळपास 9 अँपिअर. दिव्याच्या बोर्डावरचे 6 अँपिअरचे सॉकेट ते सोसत नाही, 16 अँपिअरचे हवे. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या. गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. वायर खांद्यावरून मागे न्या. घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. पावसात, ओल्या अंगणात करवत लावू नका. संध्याकाळी दाब पडतो तेव्हा मोटर जळते, म्हणून काम सकाळी उरका.

चालवताना दोन्ही हात करवतीवर. अंगठा दांड्याखालून गुंडाळलेला. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू देऊ नका, उसळी तिथूनच बसते. मोठ्या करवतीला साखळी थांबवणारा ब्रेक असतो, तो नसेल तर घेऊ नका. अंग पट्टीच्या रेषेत ठेवू नका, थोडे डावीकडे उभे राहा. खांद्याच्या वर कापू नका, शिडीवर तर नाहीच. उंच फांदीला लांब दांड्याची करवत किंवा जाणता माणूस. उपरणे घरी ठेवा, पदर खोचा, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. लेकरे आणि जनावरे फांदीच्या दुप्पट लांबीपलीकडे.

जाड फांदी एका कापात काढली की साल खोडापर्यंत सोलत जाते. आधी खोडापासून वीतभर अंतरावर खालून एक-तृतीयांश कापा. मग थोडे पुढे वरून कापा, फांदी खाली येईल. उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगवट्याबाहेर कापा.

पऱ्हाट्यांच्या पेंढीत ही करवत घालू नका. बारीक काड्या साखळीत अडकून हातावर फेकल्या जातात. कुंपणाच्या झाडात जुनी तार, खिळा आहे का, आधी पाहा.

साखळी मधोमध ओढली की थोडी उचलली पाहिजे आणि सोडली की परत बसली पाहिजे. ताण पाहताना पिन काढलेली, बॅटरी बाहेर. तेलाची टाकी रिकामी ठेवून चालवू नका. भुसा पिठासारखा पडू लागला की धार गेली, कीस पडतो तोवर धार आहे. गोल कानस साखळीच्या मापाची घ्या आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारा.

दोन गोष्टी कायद्याच्या आणि जिवाच्या. सागवान, मोह, आंबा, चिंच, खैर, चंदन अशी झाडे आपल्या धुऱ्यावर असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात, त्यांना परवानगीशिवाय हात लावू नका. आणि विजेच्या तारेला टेकलेली फांदी आपण कापायची नाही. लाईनमनला सांगा, वीज बंद होईपर्यंत थांबा.

जेवणानंतर आम्ही आमची करवत मंडपामागच्या बाभळीच्या ओंडक्यावर चालवून दाखवणार आहोत. ज्यांच्या घरी करवत आहे त्यांनी पुढच्या बैठकीला आपली साखळी आणावी, कानस आम्ही आणू. आणि आमच्या हातावरचा व्रण ज्यांना पाहायचा आहे, त्यांनी जवळ येऊन पाहावा.