जुनी फाईल नव्या घरी नेताना



छापखान्यातले मॅटर पूर्वी शिशाचे असे. आता ते फाईलमध्ये असते. १९८५ साली पेजमेकर हा प्रोग्रॅम आला आणि पुढे त्याच्यावर किती मराठी पुस्तके, दिवाळी अंक नि लग्नपत्रिका जुळल्या याची गणतीच नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये ती जुनी फाईल २०१२ च्या आवृत्तीपर्यंत उघडत असे. पुढच्या आवृत्त्यांनी ते दार लावून घेतले.

आता फाईल म्हणजे पान नव्हे. पान कसे मांडावे याची ती आज्ञापत्रिका असते, आणि प्रत्येक प्रोग्रॅम ती आपल्या भाषेत लिहितो. चौकटी, रेघा, रंग बहुधा नीट पोहोचतात. खरी ओढाताण होते ती अक्षरांची. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांनी आपली अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसविली होती. फाईलमध्ये मराठी नसतेच. ती फॉन्टच्या कृपेने दिसते. फॉन्ट हरवला की ज्ञानोबा-तुकोबांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा! शिवाय प्रत्येक कंपनीची घरे निराळी.

बरे, अक्षरामागे अक्षर बदलूनही भागत नाही. ‘दिवस’ लिहिताना जुना फॉन्ट बहुधा वेलांटी आधी ठेवतो, मग ‘द’; खिळे जुळविणाराही तसेच करी. युनिकोडमध्ये ‘द’ आधी, वेलांटी मागून. ‘धर्म’मधला रफार जुन्या फाईलमध्ये ‘म’नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. रूपांतर करणाऱ्या साधनाला हे क्रम उलटवावे लागतात, आणि जोडाक्षरांत ते हमखास अडखळते. म्हणून मुद्रितशोधकाला सुट्टी नाही.

अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून टाकावेत, असा सोपा सल्ला छापखान्यात मिळतो. त्याने रूप टिकते, हे खरे. पण मग ते शब्द राहत नाहीत, आकृत्या होतात. एक वेलांटी दुरुस्त करता येत नाही, की एखादे नाव शोधता येत नाही. पत्रिकेला हे चालेल. पुस्तकाला मुळीच नाही. पुस्तकाचे रूप पीडीएफमध्ये ठेवावे, मजकूर युनिकोडमध्ये वेगळा काढावा, आणि दोन्ही छापील प्रतीशी पानोपान ताडून पाहावीत.

हे काम बहुधा जुन्या प्रोग्रॅमातूनच सुरू करावे लागते. तेव्हा ज्यांच्याकडे तो जुना संगणक अजून चालतो आहे, त्यांनी तो भंगारात घालण्यापूर्वी त्यातले फॉन्ट तेवढे काढून घ्यावेत.